आजीच्या सोहळ्याच्या डिस्क

ऐरोली

ती. आई-बाबांना सा. न.

आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाचं चार तास दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग चिपळूणच्या काकांना त्यांच्या जुन्या डीव्हीडी प्लेअरवर बघता यायला हवं. बाबा, ती एमपी4 फाइल नुसती डिस्कवर कॉपी करू नका. त्या काळातल्या बहुतेक प्लेअरना एमपी4 वाचता येत नाही, त्यांना एमपेग-2 व्हिडिओ लागतो. मोठ्या फाइलचे तुकडे करणारी सॉफ्टवेअरंही इथे कामाची नाहीत. ती बाइट मोजून तोडतात, आणि कोणतं चित्र फाइलमध्ये कुठे आहे याची नोंद एकाच तुकड्यात राहते. बाकीचे तुकडे उघडतही नाहीत. म्हणून तोडायचं ते वेळ बघून.

दोन डिस्कमध्येही बसेल, पण तीन करा. डिस्कवर 4.7 जीबी छापलेलं असतं. विंडोज 1024 च्या पटीत मोजतं, त्यामुळे तिथे 4.37 च दिसतं. अगदी बाहेरच्या कडेला लिहिलेला भाग जुने प्लेअर अडखळत वाचतात, म्हणून छापील हिशेबातले 4.4 जीबीच वापरायचे. त्याचे झाले 35,200 मेगाबिट. त्याला त्या डिस्कवरच्या भागाच्या सेकंदांनी भागलं की बिटरेट, म्हणजे एका सेकंदाच्या चित्राला किती मेगाबिट मिळतात ते, कळतं. दोन डिस्क केल्या तर प्रत्येकी 125 मिनिटं, म्हणजे 4.7 मेगाबिट. तीन केल्या तर साधारण 84 मिनिटं, म्हणजे जवळजवळ 7. यातून आवाजाचे 0.2 वजा करा. बिटरेट कमी पडला की अक्षता उडताना आणि निरांजनं हलताना चित्रात चौकोन उठतात. औक्षणाचा भाग तसा दिसला तर आजीला बरं वाटणार नाही. कुठलाही भाग 90 मिनिटांच्या पुढे जाऊ देऊ नका. भाग छोटा असला तरी बिटरेट 8 च्या वर नको, जुना प्लेअर अडकतो.

कुठे तोडायचं ते आई, तूच ठरव. होम संपून पंगत सुरू होते तिथे एक, आणि गाण्यांच्या आधी एक. मंत्र किंवा गाणं मध्येच तुटायला नको. तोडायला अ‍ॅव्हिडीमक्स हे सॉफ्टवेअर वापरा. त्यात व्हिडिओ आणि ऑडिओ दोन्ही 'कॉपी'वर ठेवा, खाली 'एमपी4 मक्सर' निवडा. बाबा, वरच्या-खालच्या बाणाने की-फ्रेमवरून की-फ्रेमवर जाता येतं. सुरुवातीची खूण तिथेच करा. मधल्याच फ्रेमवर केली तर पहिले एक-दोन सेकंद चित्र विस्कटतं किंवा गोठतं, कारण पूर्ण चित्र फक्त की-फ्रेममध्ये असतं.

मग प्रत्येक भाग डीव्हीडीस्टायलर या सॉफ्टवेअरमध्ये घ्या, ते एमपेग-2 करून डीव्हीडी तयार करतं. त्यात टीव्हीची पद्धत निवडायची असते: फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये सेकंदाला 25 किंवा 50 फ्रेम दिसल्या तर पाल, 30 किंवा 60 दिसल्या तर एनटीएससी. उलट निवडलं की चित्र धक्के खातं. आस्पेक्ट, म्हणजे चित्राच्या रुंदी-उंचीचं प्रमाण, 16:9 ठेवा, नाहीतर माणसं लांबुडकी दिसतील. थेट डिस्कवर न लिहिता आधी आयएसओ, म्हणजे अख्ख्या डिस्कची एकच फाइल, बनवा. याला काही तास लागतात, तेवढ्यात लॅपटॉप झोपू नये अशी सेटिंग करून ठेवा.

गोखले रोडवर डिस्क घेताना 'डीव्हीडी-आर' असंच सांगा. जुन्या प्लेअरना त्याच जास्त मानवतात. दोन-तीन जास्तीच्या घ्या. बाहेरचा रायटर लॅपटॉपच्या यूएसबीतच लावा, हबमध्ये नको. वीज कमी पडली की लिहिणं मध्येच तुटतं आणि डिस्क वाया जाते. आयएसओ डिस्कवर लिहिणाऱ्या इम्गबर्न या सॉफ्टवेअरमध्ये वेग 4एक्स किंवा 8एक्स ठेवा आणि 'व्हेरिफाय'ची खूण काढू नका. पहिली डिस्क आपल्या प्लेअरवर शेवटपर्यंत पळवून बघा, मगच बाकीच्या दोन लिहा.

वर कागदी लेबल चिकटवू नका, फिरताना तोल जातो. सीडी मार्करने फक्त 1, 2, 3 आणि भागाचं नाव लिहा. पाकिटं कडक घ्या. कुरियरमध्ये पातळ प्लास्टिकच्या पिशवीत डिस्क वाकतात.

तुमची लेक