मुक्ताच्या पियानो टीचरना, सर्वांसमक्ष

प्रिय टीचर,

समोरासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही हात झटकता, "चहा घेतेस?" विचारता आणि विषय तिथेच संपतो. म्हणून हे पत्र. चारचौघांत लिहितेय, कारण ज्यांच्या घरी लहान मूल आहे आणि कीबोर्ड धूळ खात पडलाय, त्यांनाही तुमचे खेळ कळू देत.

माझी मुक्ता तुमच्याकडे आली ती आधीच्या क्लासला कंटाळून. तिथे पहिल्या दिवसापासून पुस्तक, सूर लिहायच्या पाच रेषा आणि चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. तुम्ही पुस्तक काढलंच नाहीत. म्हणालात, "पांढऱ्यांना हात लावायचा नाही. काळ्यांवर वाट्टेल ते वाजव." आणि स्वतः खालच्या सप्तकात एफ शार्प, म्हणजे पेटीवाल्यांची काळी तीन, संथपणे वाजवत राहिलात. पोरगी दोन्ही हातांनी बडवत होती आणि तरी काही म्हणजे काही बेसूर लागत नव्हतं! पाचच सूर, त्यात एकमेकांना खेटून बसलेले दोन सूर कुठेच नाहीत, मग खटकणार कसं?

कोपऱ्यातल्या खुर्चीत माझे सासरे, आमचे बाबा, बसले होते. भजनी मंडळात पेटी वाजवण्यात त्यांचा जन्म गेला. ते एकदम म्हणाले, "अहो टीचर, काळी तीनचा हा चक्क भूप राग आहे!" दुसरं कुणी असतं तर हसून पुढे गेलं असतं. तुम्ही विचारलंत, "मग काळी एकपासून काय होईल?" बाबा म्हणाले, "दुर्गा." लगेच तुम्ही खालचा सूर बदलून सी शार्प धरलात, आणि त्याच पाच पट्ट्यांचा रंग पालटला. तेव्हापासून आमच्याकडे रियाज म्हणजे आजोबा पेटीवर सा धरणार आणि नात त्यावर काळ्या पट्ट्यांवर भटकणार. मडगावच्या चर्चमध्ये सोल्फा, म्हणजे डो-रे-मी, शिकलेल्या तुम्ही आणि पुण्याच्या भजनी मंडळातले बाबा एका पियानोपाशी बसता, याचं मला अजून अप्रूप वाटतं. सगळ्यांत मोठे आभार त्याचेच.

पट्ट्यांवर ए-बी-सीचे स्टिकर लावायला तुमची सक्त मनाई. मूल मग अक्षरं वाचतं, पट्ट्या बघतच नाही, हे तुमचं म्हणणं आता मला पटलंय. त्याऐवजी तुम्ही सात चिंचोके दिलेत. "दोन काळ्यांच्या जोडीच्या मधोमध डी राहतो. प्रत्येक डीच्या घरी एक ठेव." बरोबर सात लागले. मग म्हणालात, आता सी. जोडीतल्या डावीकडच्या काळीला लागून डाव्या बाजूची पांढरी. मुक्ता शेवटच्या टोकाच्या, जोडीविना एकट्या सीपर्यंत गेली आणि चिंचोके संपले. अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांत डी सात आणि सी आठ, हे तिला कुणी सांगितलं नाही; तिने तुमच्याकडे हात पसरून आठवा मागितला.

तालाचं तर काय सांगू, आमचं स्वयंपाकघरच तालात बोलतं. एका मात्रेला 'भेळ', मात्रेत दोन असतील तर 'वडा', तीन असतील तर 'बटाटा', चार असतील तर 'कांदाभजी' आणि विश्रांतीला ओठांवर बोट ठेवून 'शू'. 'भेळ, वडा, कांदाभजी, शू' असं टाळ्यांवर पक्कं झालं की मगच बोटं पट्टीवर. 'शू'ला पूर्ण मात्रा द्यायची, ही गोष्ट मोठ्यांनाही जमत नाही. मुक्ताच्या बाबांना तर अजिबात नाही.

तीच ओळ पुन्हा पुन्हा वाजवायची तर फासा टाकायचा. एक पडला तर मांजराच्या पावलांनी, दोन पडले तर हत्तीसारखं, तीनला डोळे मिटून, चारला फक्त डावा हात, पाचला गोगलगायीच्या चालीने, आणि सहाला आईने वाजवायचं व मुक्ताने चुका काढायच्या. सहा पडावेत म्हणून ती फासा फुंकून टाकते. रांगोळीच्या पाच रेषांवर लंगडी घालत सूर ओळखण्याचा खेळ मात्र आमच्याकडे चालला नाही, हेही सांगून टाकते. दोन खोल्यांच्या घरात लंगडीला जागा नाही आणि जिन्यात घातली तर शेजारच्या काकू कुरकुरतात.

आणि तो दिवस, तुम्ही पियानोचं वरचं झाकण उघडलंत तो! पट्टी दाबली की नमद्याची हातोडी तारेवर आपटून लगेच मागे येते, हे तिने नाक आत खुपसून पाहिलं. खाली एकेकटी जाड तार, वर एका सुराला तीन-तीन. मग तुम्ही उजवा पेडल दाबून ठेवलात आणि म्हणालात, "आता हाक मार." तिने "मुक्ताऽऽ" म्हटलं, आणि तारांनी तो सूर तसाच धरून परत केला. पेडलने तारांचा आवाज थांबवणारे सगळे दाबक वर उचलले जातात, म्हणून हे होतं. घरी येऊन तिने आमच्या इलेक्ट्रिक कीबोर्डलाही हाक मारली, आणि तो गप्प राहिला म्हणून त्याच्यावर रुसली.

"हे सगळं ठीक, पण परीक्षा कधी?" असं क्लासबाहेर एक पालक विचारत होते. बार्टोक या हंगेरियन संगीतकाराने 'मिक्रोकॉसमॉस' या आपल्या पियानो-पुस्तकांच्या पहिल्या दोन भागांतले छोटे तुकडे आपल्या मुलाला, पेटरला, अर्पण केले, हे तुम्ही त्यांना शांतपणे सांगितलंत आणि म्हणालात, "ग्रेड कुठे पळून जात नाही. सवकास."

बाबांचा एक निरोप आहे. काळी पाचला सा धरला की त्याच पट्ट्यांत मालकंस लागतो, असं ते कालपासून घरभर सांगत सुटलेत. पुढच्या तासाला ते स्वतःची पेटी घेऊन येणार म्हणतात. पियानोशेजारी एक खुर्ची जास्तीची ठेवाल का?

तुमची,
मुक्ताची आई