तारेचा डॉक्टर आणि शिवचंद्र नंदी: एका टपाल तिकिटासाठी खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय दळणवळण मंत्री,
नवी दिल्ली

महोदय, सविनय नमस्कार.

देशातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. तिचा पाया घालणारा माणूस मुळात डॉक्टर होता आणि आयर्लंडमधल्या लिमरिकचा होता, हे तारखात्यातल्या जुन्या लोकांनाही क्वचितच ठाऊक असतं. डॉ. विल्यम ब्रुक ओ'शॉनेसी यांच्यावर टपाल खात्याने तिकीट काढावं, पण एकट्याचं नको, शिवचंद्र नंदींसोबतचं, ही माझी विनंती आहे.

१८३१ मध्ये इंग्लंडच्या संडरलंड बंदरात पटकीची (कॉलऱ्याची) साथ आली. एडिंबरोहून एम.डी. झालेला हा विशीतला तरुण तिथे गेला. पटकीच्या रोग्याचं रक्त काढणं हा तेव्हा मान्य उपचार होता. याने त्या रक्ताची तपासणी केली, त्यातलं पाणी आणि क्षार घटल्याचं दाखवलं आणि ते शिरेवाटे परत द्यावेत असं सुचवलं. पुढच्याच वर्षी डॉ. थॉमस लाटा यांनी स्कॉटलंडमधल्या लीथ इथे तसं करून पाहिलं आणि मरणाच्या दारातले काही रोगी परत फिरले. आज आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात खाटेशेजारी सलाईनची बाटली टांगलेली असते, त्या विचाराची सुरुवात ही आहे. ओ'शॉनेसींनी पुढे काहीच केलं नसतं, तरी तिकिटाला एवढं पुरेसं होतं.

१८३३ मध्ये ते ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत बंगालमध्ये आले आणि पुढे कलकत्ता मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवू लागले. धनुर्वाताच्या झटक्यांवर त्यांनी भांगेचा अर्क देऊन पाहिला. त्यावरच्या त्यांच्या १८३९ च्या निबंधात पंडित मधुसूदन गुप्त, सय्यद करामत अली यांच्या मदतीचा नावानिशी उल्लेख आहे. इथल्या विद्वानांचं ऋण असं उघड मानणं मला फार मोलाचं वाटतं.

त्याच वर्षी त्यांनी कलकत्त्याजवळ २१ मैलांची प्रायोगिक तार उभारली. पुढे गव्हर्नर जनरल डलहौसींनी सगळं तारखातंच त्यांच्या हाती दिलं. १८५५ मध्ये तार सर्वसामान्यांसाठी खुली झाली तेव्हा मुंबईही त्या जाळ्यात होती. हे जाळं कंपनीच्या राज्यासाठी विणलं होतं आणि १८५७ मध्ये ते आपल्याच लोकांविरुद्ध वापरलं गेलं. तिकिटासोबतच्या माहितीपत्रकात ही गोष्ट स्पष्ट लिहावी, गाळू नये.

आणि शिवचंद्र नंदी. कलकत्त्याच्या टांकसाळीत काम करणारे हे बंगाली गृहस्थ ओ'शॉनेसींचे साहाय्यक झाले. कलकत्ता-डायमंड हार्बर ही पहिली मार्गिका त्यांच्या देखरेखीखाली आली. पद्मा नदीच्या पात्रात तार टाकायची वेळ आली तेव्हा त्यांनी कोळ्यांच्या होड्या कामाला लावल्या. ओ'शॉनेसींना 'सर' हा किताब मिळाला, नंदींना पुढे रायबहादुरी. पण तारेचा इतिहास सांगताना एकाचं नाव येतं आणि दुसऱ्याचं राहून जातं.

म्हणून तिकिटावर दोघंही शेजारी शेजारी, सारख्याच आकारात असावेत. हा प्रस्ताव आपण फिलाटेली सल्लागार समितीपुढे ठेवावा आणि माहितीपत्रक इंग्रजी-हिंदीबरोबर बंगालीतही छापावं. पहिल्या दिवसाचा शिक्का डायमंड हार्बरच्या टपाल कार्यालयातून मारला, तर फारच उचित होईल.

आपला,
तारखात्यातला एक निवृत्त कर्मचारी