चुलीच्या धुराने गेलेल्या छातीवर लस कधी तपासणार?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

ज्येष्ठांच्या लसीकरणावरचा आपल्या अंकातला लेख वाचला. ‘न्यूमोनियाच्या लशीनंतर अँटिबॉडी चांगल्या वाढतात’ असं त्यात म्हटलं आहे. कुणाच्या वाढतात, आणि वाढून त्या काम करतात का, हे त्यात आलेलं नाही. माझ्या रोजच्या कामाचाच हा विषय, म्हणून लिहिते.

गेली अठरा वर्षं मी सातारा जिल्ह्यात छातीच्या दवाखान्यात स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून फुप्फुसाची ताकद मोजायची तपासणी, करते. नाकाला चिमटा, तोंडात नळी आणि आमचं ओरडणं, ‘फुंका मावशी, जोरात, अजून, अजून, सोडू नका!’ निदान सहा सेकंद तरी श्वास सोडत राहायचं असतं. समोर बसणाऱ्या कितीतरी बायांनी जन्मात विडीला हात लावलेला नाही. पाचट, तुराट्या, शेणी जाळून तीस-चाळीस वर्षं भाकऱ्या थापल्या, एवढंच. मध्यंतरी एक आजी ती नळी हातात फिरवून म्हणाल्या, ‘ही तर फुंकणीच की गं.’ दुसऱ्याच सेकंदाला त्यांना खोकल्याची उबळ आली आणि पडद्यावरची रेघ तिथंच तुटली. घरचे याला दमा म्हणतात. केसपेपरवर आम्ही सीओपीडी लिहितो, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार.

पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं होतं की, जगात तंबाखू ओढणारे सुमारे १०१ कोटी, तर लाकूड-शेणाच्या धुरात राहणारे सुमारे ३०० कोटी. तरीही सीओपीडीच्या अनेक औषध-चाचण्यांत भाग घ्यायचा तर निदान ‘दहा पॅक-इयर’ धूम्रपान लागतं, म्हणजे रोज एक पाकीट, दहा वर्षं. माझ्यासमोरच्या आजी त्या अटीतच बाद होतात.

न्यूमोनियाच्या लशीची सीओपीडीच्या रुग्णांवर नीट झालेली एक चाचणी अमेरिकेतली आहे. १८१ रुग्ण घेतले. काहींना न्यूमोकोकस या न्यूमोनियाच्या जंतूच्या २३ प्रकारांवरची जुनी लस दिली, काहींना ७ प्रकारांवरची कॉन्जुगेट लस. जुन्या लशीत जंतूच्या कवचातली नुसती साखर असते. कॉन्जुगेट लशीत ती साखर प्रथिनाला जोडलेली असते, त्यामुळे शरीराला तिची आठवण राहते. मग एक महिना, एक वर्ष आणि दोन वर्षांनी रक्त तपासलं. नुसत्या अँटिबॉडी मोजून ते थांबले नाहीत, हे मला फार मोलाचं वाटतं. रुग्णाचा सीरम (रक्तातला पातळ भाग), जिवंत जंतू आणि जंतू गिळणाऱ्या पेशी एकत्र ठेवून, किती जंतू खरोखर मरतात ते पाहिलं. दोन वर्षांनंतरचा २०१२ सालचा निकाल असा की, कॉन्जुगेट लस सातापैकी सहा प्रकारांत सरस होती, पण जंतू मारायची ताकद दोन्ही गटांत वर्षभरातच खाली आलेली होती. आणि न्यूमोनिया, दवाखान्यात भरती होणं, दुखणं उसळणं यांत दोन गटांत फरक दिसला नाही.

म्हणून ‘अँटिबॉडी वाढल्या’ एवढ्यावर माझं समाधान होत नाही. अँटिबॉडी जंतूला खूण करते, त्याला गिळायचं काम फुप्फुसातल्या पेशीचं. सीओपीडीत ती पेशीच मंदावलेली असते. आफ्रिकेतल्या मलावी देशात चुलीच्या धुरात राहणाऱ्या लोकांच्या या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तेव्हा त्यांत काजळीचे कण दिसले. आमच्या आजींच्या छातीत वेगळं काय असणार? त्यावर स्टेरॉइडचा पंप, कुणाला पूर्वी होऊन गेलेला टीबी. अशा छातीत लस किती टिकते, हे अशाच छातीत तपासल्याशिवाय कळणार नाही.

घरचं सांगते. माझ्या आईला सहा वर्षांपूर्वी एका खासगी दवाखान्यात लस टोचली. कागदावर फक्त ‘न्यूमोनिया इंजे.’ आणि सही. कोणती लस, बॅच नंबर काय, काही नाही. यंदा दुसऱ्या डॉक्टरांनी विचारलं, ‘आधी कुठली दिली होती?’ आम्ही परत तिथं गेलो, तर जुनी नोंदच सापडेना. पुढचा डोस कुठला द्यायचा आणि कधी, हे आधीच्या लशीवर ठरतं. काही हजारांची लस, आणि तिचं नाव लिहायला कुणाला दोन मिनिटं नव्हती याचा मला अजून राग येतो.

बाळांच्या बाबतीत आपण हे सगळं करून दाखवलं आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची न्यूमोसिल ही न्यूमोकोकल लस भारतातल्या आणि आफ्रिकेतल्या गांबियातल्याही बाळांवर तपासली गेली. २०२१ पासून न्यूमोकोकल लस देशभर बाळांना मोफत मिळते. मोठ्यांची लस ज्याच्या-त्याच्या खिशावर, आणि तपासणी परदेशातल्या रक्तावर.

राज्यातल्या वैद्यकीय महाविद्यालयांनी हे काम हाती घ्यावं. छातीच्या ओपीडीत रुग्ण आहेतच. धूम्रपानाची अट काढून चुलीची वर्षं नोंदवा. पहिलं रक्त लशीआधी घ्या, मग महिन्याने, वर्षाने आणि दोन वर्षांनी. जंतू मरतात का, तेही पाहा. बायांना एसटीचं तिकीट अर्धं झालं आहे, पण दिवसाची मजुरी बुडते, ती भरून द्या. संमतीपत्र त्यांना मराठीत वाचून दाखवा आणि ‘नाही’ म्हणाल्या तर औषधोपचार तोडू नका.

यातून कुणी लस टाळावी असं मला मुळीच म्हणायचं नाही. फ्लूच्या लशीने सीओपीडीच्या रुग्णांचं दुखणं उसळणं कमी होतं हे चाचण्यांत दिसलं आहे, आणि मी आईला ती दरवर्षी देते. हल्ली मी लशीच्या खोक्यावरचं लेबल कापून तिच्या वहीत चिकटवते, खाली तारीख टाकते. दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक मावशीच्या लेकाला-सुनेलाही तेच सांगते.

आपली,
एक वाचक, कराड