गाण्याचा ऋतू आणि पक्ष्याचा मेंदू

चि. मधुरा हिस अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रकल्पाचा मसुदा वाचला. ‘टेस्टोस्टेरॉन वाढले की नर पक्षी गाऊ लागतो’ हे तुझे वाक्य चुकीचे नाही. मात्र ते इतके घाईचे आहे की त्यात मेंदूला जागाच उरलेली नाही.

सुरुवात संप्रेरकाऐवजी उजेडापासून कर. दिवस मोठा होत असल्याची वर्दी पक्ष्याला डोळ्यांवाटे मिळत असेल, असे कोणालाही वाटेल. परंतु मायकेल मेनाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या सुमारास दाखवून दिले की दृष्टी गेलेल्या चिमण्यांचे वृषणही मोठ्या दिवसांत वाढतात. उलट डोळे शाबूत ठेवून डोक्याच्या कातडीखाली काळी शाई टोचली, तर मंद उजेडात ही वाढ होत नाही. कवटीतून झिरपणारा उजेड मेंदू स्वतःच टिपतो. पुढची अधश्चेतक (मेंदूतील हायपोथॅलॅमस), पीयूषिका ग्रंथी आणि टेस्टोस्टेरॉन तयार करणारे वृषण ही साखळी पाठ्यपुस्तकात आहेच, ती दोन ओळींत आटप.

खरा विस्तार त्यानंतर हवा. फर्नांडो नॉटेबोम यांना १९८१ मध्ये असे आढळले की नर कॅनरी या गाणाऱ्या पक्ष्याच्या मेंदूतील एचव्हीसी हे गायनकेंद्र शरदाच्या तुलनेत वसंतात जवळजवळ दुप्पट मोठे असते. दोनच वर्षांनी स्टीव्हन गोल्डमन यांच्यासह त्यांनी प्रौढ कॅनरीच्या याच केंद्रात नव्या चेतापेशींची भर पडत असल्याचे दाखवले. प्रौढ मेंदूत नव्या चेतापेशी तयार होत नाहीत, असे त्या काळी बहुतेकांचे ठाम मत होते; जोसेफ ऑल्टमन यांनी उंदरांमध्ये आधीच मिळवलेले पुरावे फारसे कोणी मनावर घेतले नव्हते. ओहोटीही तितकीच वेगवान असते. पांढऱ्या डोक्याच्या अमेरिकी स्पॅरोचे टेस्टोस्टेरॉन काढून घेऊन त्याला लहान दिवसांत ठेवले, तेव्हा अवघ्या १२ तासांत एचव्हीसी लक्षणीय आकसल्याचे २००७ मध्ये दिसून आले.

तुझ्या वाक्याला सर्वांत मोठा धक्का देतो तो २०१३ मधील प्रयोग. कॅनरींच्या मेंदूतील, गाण्याची प्रेरणा जागवणाऱ्या एका छोट्या भागातच टेस्टोस्टेरॉन सोडले, तेव्हा ते पक्षी भरपूर गायले, पण त्यांच्या गाण्याला घडीव सफाई आली नाही. ती आली संप्रेरक सर्व शरीरात फिरलेल्या पक्ष्यांच्या गाण्यात. म्हणजे गाण्याची ओढ आणि गाण्याची घडण या दोन वेगळ्या गोष्टी असून एकच संप्रेरक त्या वेगवेगळ्या ठिकाणी जाऊन घडवते. शिवाय मेंदूतील अरोमाटेज हे विकर (एन्झाइम) टेस्टोस्टेरॉनचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करते आणि गाण्यातील काही काम हे इस्ट्रोजेनच पार पाडते. ‘नराचे संप्रेरक’ असा शिक्का मारताना एवढे तरी ध्यानात ठेव.

‘नर पक्षी’ या शब्दांबाबतही जरा सबुरीने घे. कॅनरीच्या प्रौढ माद्या टेस्टोस्टेरॉन दिल्यावर गाऊ लागतात, हे खरे. परंतु अनेक जातींच्या माद्या मुळातच गातात. आणि सारे श्रेय संप्रेरकांना देण्याचा मोह झाला, तर २००३ मध्ये अभ्यासलेला तो झेब्रा फिंच आठव, ज्याचे उजवे अंग नराचे आणि डावे मादीचे होते. दोन्ही बाजूंना एकच रक्त, तीच संप्रेरके. तरीही त्याचे एचव्हीसी उजवीकडे मोठे होते. या फरकात पेशींच्या स्वतःच्या जनुकांचा वाटा किती, यासाठी मसुद्यात एक परिच्छेद राखून ठेव.

तुझी,
आई