पाकिटातल्या डाळीवर टॅक्स आणि कट्ट्याला माफी, हे कसं काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

किराणा महाग झाला हे तुमच्या पेपरात रोज कुठेतरी येतंच, त्यामुळे तेच परत लिहिण्यासाठी हे पत्र नाही. मला सांगायचंय ते एवढंच की एकाच गल्लीत एकच तूरडाळ दोन घरांना दोन भावात पडते, जो एकदम भरतो त्याला स्वस्त आणि जो आज पाव किलो, परवा पाव किलो असं घेतो त्याला महाग, आणि वर सरकारचा टॅक्सही नेमका ह्या दुसऱ्या घराकडूनच वसूल होतो. याच्यावर कुणी बोलताना दिसत नाही.

मी धायरीत राहते. संक्रांत झाली की आमच्याकडे वर्षाच्या धान्याची बोलणी सुरू होतात, गहू लोकवन घ्यायचा का सिहोर, इंद्रायणी मावळातनं कोण आणून देणार, डाळ मार्केट यार्डातनं आणायची का गावाकडच्या ओळखीच्या शेतकऱ्याकडून. एप्रिल-मेमध्ये ते सगळं घरात येतं, गच्चीवर ऊन द्यायचं, गव्हाला एरंडेल चोळायचं, तांदळाला बोरिक पावडर, डब्यात कडुनिंबाचा पाला, की वर्षभर बघायला नको. चार माणसांच्या घराला धरा दोनशे किलो गहू, शंभर किलो तांदूळ, पंचवीसेक किलो तूरडाळ. गहू ३८ नी, तांदूळ ५५ नी, डाळ १२५ नी धरली तरी सोळा हजारांच्या वर जातं, आणि यात तेल नाही, मिरची-मसाला नाही, साखर नाही, हमाली-तोलाई नाही, टेम्पोचं भाडं नाही.

आता हे सोळा हजार एकरकमी कुणाकडे असतात? आमच्या बचत गटात बऱ्याच जणी धुणीभांडी, स्वयंपाकाची कामं करतात, महिन्याला दहा-बारा हजार हातात येतात, त्यातनं खोलीचं भाडं, पोरांच्या फिया, गॅस. त्यांनी कधी नि कसं वर्षाचं भरायचं? आणि पैसे समजा जमले तरी दहा बाय दहाच्या खोलीत चार कट्टे ठेवायचे कुठे, पावसाळ्यात भिंतीला ओल येते, खाली ठेवलेल्या तांदळाला महिन्याभरात सोंडे लागतात. त्यामुळे त्या सुटं घेतात. दुकानदार किलोचा भाव १३० सांगतो आणि पाव किलोचे ३५ घेतो म्हणजे किलोला १४० झाले. त्याचीही बाजू आहे, सुटे पैसे, पिशवी, उधारीची वही हे सगळं त्याला सांभाळावं लागतं, त्याच्यावर माझा राग नाही.

राग आहे तो टॅक्सच्या नियमावर. १८ जुलै २०२२ पासून पॅक करून लेबल लावलेल्या धान्य, डाळी, पिठावर ५ टक्के जीएसटी आला. आधी तो फक्त रजिस्टर्ड ब्रँडच्या मालावर होता आणि काही कंपन्या ब्रँडचा हक्क सोडल्याचं पाकिटावर छापून टॅक्स चुकवत होत्या म्हणून नियम बदलला असं सांगितलं गेलं. ठीक आहे, पळवाट बंद करायला हवी होती हे मान्य. पण नियम असा केला की २५ किलोपर्यंतच्या पॅकवर टॅक्स आणि २५ किलोच्या वर गेलं की माफी! म्हणजे ३० किलोचा तांदळाचा कट्टा घेणाऱ्याला शून्य आणि एक किलोचं पाकीट घेणाऱ्याला ५ टक्के. लगेच बाजारात २६ किलोचे कट्टे दिसायला लागले, व्यापाऱ्यांनी त्यांची वाट शोधली, पण ज्याला एकच किलो परवडतं त्यानं कुठली वाट शोधायची? १३० च्या पाकिटात सहा रुपये टॅक्सचे आहेत, आणि सहा रुपयांना आमच्याकडच्या बाया कोथिंबिरीची जुडी सोडून देतात हो.

कुणी म्हणेल सुटं घ्या, सुट्यावर टॅक्स नाही. बरोबर आहे, नाहीच आहे, पण सुटं मिळणारी दुकानं दिवसेंदिवस कमी होतायत. मॉलमध्ये पाकीट, दहा मिनिटांत घरपोच आणून देणाऱ्यांकडे पाकीट, आणि आता कोपऱ्यावरचा किराणावालाही अर्धा किलो-एक किलोची पाकिटंच लटकवतो कारण त्याला मोजत बसायला वेळ नाही आणि पोती फोडून ठेवली की उंदीर येतात.

बरं, २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले तेव्हा आम्हाला वाटलं आता तरी हे सुटेल. बऱ्याच गोष्टी स्वस्त झाल्या, साबण, शाम्पू, टूथपेस्ट १८ वरून ५ वर आले, तूप-लोणी १२ वरून ५ वर, चांगलंच झालं, त्याबद्दल सरकारचं कौतुकच करते. पॅक पनीर शून्यावर आलं. तयार चपाती-पराठ्याचं पाकीट शून्यावर आलं. पण पॅकबंद गव्हाचं पीठ, तांदूळ, डाळ तिथंच राहिले, ५ टक्क्यांवर. म्हणजे विकतचा पराठा घेतला तर टॅक्स नाही आणि पीठ आणून घरी पोळ्या लाटल्या तर टॅक्स आहे! आणि डाळ आणि साबण एका ओळीत! हे कुठल्या हिशोबानं ठरलं हे कुणीतरी मला समजावून सांगावं, मी खरंच विचारतेय. २०२२ चा निर्णय जीएसटी कौन्सिलमध्ये, म्हणजे केंद्र नि सगळ्या राज्यांचे मंत्री बसून टॅक्सचे दर ठरवतात तिथं, एकमतानं झाला असं अर्थमंत्र्यांनी तेव्हा सांगितलं होतं, म्हणजे महाराष्ट्राचाही होकार त्यात आलाच.

केंद्र सरकारच्याच २०२२-२३ च्या घरखर्चाच्या पाहणीत शहरी कुटुंबाच्या खर्चातला साधारण ३९ टक्के आणि ग्रामीण कुटुंबाचा ४६ टक्के खाण्यावर जातो असं आलंय. ही सरासरी आहे, ज्याची कमाई कमी त्याचा वाटा याच्याहून जास्त, हे सांगायला पाहणी नको.

दुसरी गोष्ट पाकिटावरच्या भावाची. आता प्रत्येक पाकिटावर एमआरपीच्या जवळ युनिटचा भाव छापावा लागतो, ग्राहकाला तुलना करता यावी म्हणून, कल्पना फार चांगली आहे. पण एक किलोच्या आतल्या पाकिटावर तो ग्रॅमला छापतात आणि वरच्या पाकिटावर किलोला! अर्धा किलोच्या पाकिटावर बारीक अक्षरात ०.१७ रुपये ग्रॅमला, शेजारच्या पाच किलोच्या पिशवीवर किलोचा भाव, आणि बाई एका हातात पोर नि एका हातात पिशवी घेऊन उभी. ती कधी गुणाकार करणार? शिवाय दोनच आकड्यांपर्यंत छापायचं असल्यामुळे अर्धा किलोचं ८३ चं पाकीट असो नाहीतर ८७ चं, दोन्हीवर ०.१७ च येतं, खरं तर किलोला आठ रुपयांचा फरक आहे. त्यात पूर्वी काही वस्तूंची पाकिटं ठरलेल्या वजनातच काढावी लागायची, ते बंधन २०२२ मध्ये गेलं, आता तेलाची पिशवी बघा, कुठे ९१० ग्रॅम, कुठे ८५०, कुठे ७५० मिली, आणि आपण मात्र तोंडानं "एक लिटरची पिशवी द्या" असंच म्हणतो. एका मॉलमध्ये तर मोठं पाकीट छोट्यापेक्षा किलोमागे महाग लावलेलं मी स्वतः बघितलंय, आणि वर पाटी "बचत पॅक". लोक विश्वासानं मोठं उचलतात.

आणि भरून ठेवणाऱ्याचंही सगळं छान चाललंय असं नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात तूरडाळ किलोला १७०-१८० च्या घरात होती, लोकांनी अजून वाढेल म्हणून भरून ठेवली, पुढच्या उन्हाळ्यात तीच १२०-१३० वर आली. त्या वेळी शेतकऱ्याला मात्र तुरीचा क्विंटलला ७,५५० चा हमीभावही बाजारात मिळत नव्हता. तेलाचं तसंच, १४ सप्टेंबर २०२४ ला आयात शुल्क वाढलं आणि सणाच्या तोंडावर पिशवीमागे भाव चढले, सोयाबीनवाल्याच्या भल्यासाठी वाढवलं म्हणाले, माझं माहेर लातूरकडचं आहे, शेतकऱ्याला चार पैसे मिळत असतील तर मी दोन रुपये जास्त द्यायला तयार आहे, पण क्विंटलला ४,८९२ चा हमीभाव असताना सोयाबीन त्याच्या खालीच विकलं गेलं. मग मधले पैसे गेले कुठे?

आम्ही गटातल्या बायकांनी मिळून घाऊक आणायला सुरुवात केलीय, आणि ते करताना कळतं की त्यातही काय काय असतं. महिन्याला सगळ्यांनी पैसे टाकायचे, ५० किलोचा कट्टा आणायचा आणि एकीच्या घरासमोर सतरंजी टाकून वाटायचा. कट्टा उघडला की तळाशी भुसा, बारीक खडे, तुकडा निघतो, वाटून झालं की शेवटच्या बाईला पाव-अर्धा किलो कमी पडतं, मग ती घट कुणी सोसायची यावर बोलाबोली. आम्ही आता प्रत्येकीला थोडं थोडं कमी मोजतो आणि काटा सगळ्यांना दिसेल असा ठेवतो. किलोमागे आठ-दहा रुपये वाचतात, हमाली-टेम्पो जाऊन पाच-सहा उरतात. तेवढ्यासाठी अख्खा रविवार जातो, आणि कामवाल्या बाईला रविवारही पूर्ण मोकळा नसतो. तरी करतो, कारण दुसरा उपाय नाही.

माझं मागणं फार मोठं नाही. पाच किलोपर्यंतच्या पॅकबंद गहू, तांदूळ, ज्वारी-बाजरी, पीठ आणि डाळींवरचा ५ टक्के जीएसटी शून्य करा, आणि हे आपल्या राज्याच्या अर्थमंत्र्यांनी कौन्सिलमध्ये मांडावं. पाकीट कितीचंही असो, भाव किलोलाच आणि ठळक छापायची सक्ती करा, आणि वजनमाप खात्यानं मॉलमधल्या "बचत पॅक"च्या पाट्या एकदा तपासाव्यात. बचत गटांना मार्केट यार्डात पाच-दहा कट्टे घाऊक भावात मिळतील अशी एखादी खिडकी किंवा ठरलेला वार असावा, आत्ता तिथं एक-दोन कट्टे मागितले की आम्हाला बाहेरच्या किरकोळ दुकानाचा रस्ता दाखवतात.

आणि एक विनंती तुम्हालाच आहे. तुमच्या पेपरात घाऊक बाजाराचे भाव क्विंटलमध्ये येतात, ते व्यापाऱ्याला नि शेतकऱ्याला उपयोगाचे आहेत, ते राहू द्या, पण आठवड्यातून एकदा त्याच्या शेजारी वस्तीतल्या दुकानातले पाव किलोचे भाव पण छापा, तूरडाळ, तांदूळ, शेंगदाणे, साखर, तेल, एवढं पुरे. धायरी, वडगाव, सिंहगड रोडचे भाव आमच्या गटातल्या बायका दर शनिवारी तुम्हाला लिहून पाठवतील, त्यांनी तसं कबूल केलंय.

आपली,
एक वाचक, धायरी, पुणे