पाट्या रंगवण्याआधी

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार. शाळेच्या आवारातल्या झाडांची यादी पोचली. पाट्या रंगवायला एवढ्यात देऊ नकोस. बाभूळ, खैर आणि हिवर या तिघांपुढे तू ‘अकेशिया’ ही प्रजाती (म्हणजे नात्यातल्या जातींचा गट, जीनस) लिहिली आहेस. जुन्या पुस्तकांप्रमाणे ते बरोबरच, पण आता बाभूळ आणि हिवर ‘व्हॅचेलिया’त गेलेत आणि खैर ‘सेनेगालिया’त.

“नावं सारखी का बदलतात?” असं वैतागून विचारलंयस. बाभळीचंच घे. लिनियसने 1753 साली तिला ‘मिमोसा निलोटिका’ म्हटलं, पुढे ती अकेशियात आली, आता व्हॅचेलियात. प्रजाती दोनदा बदलली तरी ‘निलोटिका’ टिकलं. जाती कुठेही हलवली तरी तिचं सर्वांत जुनं वैध जातिनाम सोबत न्यायचं, असा नियमच आहे. नव्या प्रजातीत ते नाव आधीच कुणी घेतलेलं असेल तर दुसरं शोधायचं. शिंदळ माकुडी या वनस्पतीचं तसंच झालं. वनस्पतिशास्त्रज्ञ डॅल्झेलने 1865 साली तिला ‘फ्रेरिया इंडिका’ म्हटलं होतं. ती कॅरॅलुमा प्रजातीत हलवली, तर तिथे एक ‘इंडिका’ आधीपासून होती. म्हणून ही ‘फ्रेरी’ झाली.

अकेशियाचं प्रकरण मात्र सरळ नाही. जातीचं नाव एका ठरलेल्या वाळवलेल्या नमुन्याला बांधलेलं असतं आणि प्रजातीचं नाव एका ठरलेल्या जातीला. अकेशियाची ती आधारजाती म्हणजे चक्क आपली बाभूळ. डीएनएचे पुरावे आले तेव्हा दिसलं, की जुनी अकेशिया एका पूर्वजाचा वंश नाहीच, तिचे तुकडे करावे लागणार. नियमाने मूळ नाव बाभळीच्या तुकड्याकडे राहायला हवं होतं. पण मग ऑस्ट्रेलियातल्या सुमारे हजार जातींची नावं बदलावी लागली असती. म्हणून 2005 साली व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत आधारजातीच बदलून ‘पेनिनर्व्हिस’ ही ऑस्ट्रेलियन जाती घेतली. निम्म्याहून जास्त मतं विरोधात पडली होती, पण प्रस्ताव फेटाळायला 60 टक्के लागत होती! 2011 साली मेलबर्नला तेच कायम झालं. आफ्रिकेतल्या झाडांचं अकेशिया हे नाव गेलं, तेव्हा तिथले वनस्पतिशास्त्रज्ञ चिडले ते उगाच नाही. गंमत म्हणजे आपल्याकडे रस्त्याकडेला लावलेली ऑरिक्युलिफॉर्मिस (ऑस्ट्रेलियन बाभूळ) ही आता अस्सल अकेशिया. तिचं ‘पान’ म्हणजे चपटा झालेला देठ.

आता झाडापाशी जाऊन आधी काटे बघ. बाभळीचे आणि हिवराचे काटे सरळ, जोडीने येणारे. ती रूपांतरित उपपर्णं (देठाच्या बुडाशी येणारी पानासारखी जोडी) असतात. खैराचे आखूड, वाकडे, तेही जोडीनेच, पण पानाच्या बुडाखाली. खैराची फुलं फिकट पिवळसर लांबट कणसात, बाभळीची गडद पिवळ्या गोल गेंदात. हिवराचे गेंद फिकट, फांदीच्या टोकाला मोठ्या झुपक्यात. बाभळीची शेंग मण्यांच्या माळेसारखी, खैराची चपटी. बाभळीचा शेंडा सुरूसारखा निमुळता असेल तर ती रामकाठी, उपजाती ‘क्युप्रेसिफॉर्मिस’.

शंका राहिलीच तर फूल आणि शेंग दोन्ही मिळतील तशा फांद्या घे, 42 × 28 सेंमीच्या कागदावर मावतील एवढ्या. वर्तमानपत्रात दाबून पहिले काही दिवस कागद रोज बदल. पावसाळ्यात कंटाळा केलास तर बुरशी ठरलेली. या झाडांच्या पर्णिका (पानातली बारीक पानं) सावकाश वाळल्या की झडतात, म्हणून शेगडीजवळची कोरडी ऊब दे आणि झडलेल्या पर्णिका लिफाफ्यात घालून त्याच कागदाला चिकटव. फुलाचा रंग, जागा, उंची, तारीख तिथल्या तिथे लिही. रंग वाळल्यावर राहत नाही. पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या संग्रहातल्या नमुन्यांशी ताडून बघता येईल.

पाटीवर मराठी नाव मोठं, खाली रोमन लिपीत शास्त्रीय नाव, तिरप्या अक्षरात. प्रजातीचं पहिलं अक्षर मोठं, जातिनाम पूर्ण लहान अक्षरात. पेंटर हटकून ‘निलोटिका’चा एन मोठा काढतो, लक्ष ठेव. कर्त्यांची, म्हणजे नाव देणाऱ्यांची, नावं लिहायची असतील तर लिनियसचा ‘एल.’ कंसात, कारण मूळ नाव त्याचं. हलवणारे हर्टर आणि मॅबर्ली कंसाबाहेर. प्राण्यांच्या नावांत हलवणाऱ्याचा उल्लेख सहसा करत नाहीत. जुनं अकेशिया नाव बारीक अक्षरात खाली राहू दे, मुलांच्या हातात जुनी पुस्तकंही येतात. प्रत्येक नाव लंडनच्या क्यू वनस्पतिउद्यानाच्या ‘प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन’वर तपासून घे.

यादीतला सतरावा ‘खैर’ मला खैर वाटत नाही. त्याच्या काट्याचा जवळून फोटो पाठव, मग बोलू.

तुझा,
विनय