फोटो झाला, आता मापाचा मास्क द्या

महोदय,

१४ एप्रिल जवळ आला की वृत्तपत्रांना अग्निशमन दलाची आठवण होते. १९४४ साली मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाच्या स्फोटात ६६ अग्निशामक गेले, त्यांचा हा दिवस. अलीकडे त्याच पानावर बंबाला टेकून उभ्या असलेल्या तरुणीचा फोटो असतो आणि खाली ओळ असते, ‘पहिली महिला अग्निशामक’. फोटो जरूर छापा. पण ‘पहिली’ नेमकी कशात, हेही लिहा. नागपूरचे राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय १९५६ पासूनचे. तिथे पहिली मुलगी, हर्षिनी कान्हेकर, २००२ मध्ये दाखल झाली आणि २००६ मध्ये ओएनजीसीत रुजू झाली. दरम्यान २००३ मध्ये तमिळनाडूच्या दलात प्रिया रविचंद्रन आणि मीनाक्षी विजयकुमार थेट विभागीय अधिकारी म्हणून आल्या होत्या. शिक्षणात पहिली कोण आणि सेवेत पहिल्या कोण, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. एकाच शब्दात दोन्ही कोंबले की कुणाच्या तरी कामावर बोळा फिरतो.

बायका या कामात काल-परवा आल्या, हेही खरे नाही. केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात विद्यार्थिनींचे स्वतःचे अग्निशमन पथक १८७८ पासून होते. सप्टेंबर १९४० मध्ये लंडनवर बॉम्ब पडत असताना जिलियन टॅनर ही एकोणीस वर्षांची स्वयंसेविका डब्यांत भरलेले दीडशे गॅलन, म्हणजे सुमारे ६८० लिटर पेट्रोल लॉरीतून एका आगीकडून दुसऱ्या आगीकडे पोहोचवत होती. पेट्रोल संपले की पंप बंद आणि पंप बंद की पाणी बंद, म्हणून ही फेरी. तिला जॉर्ज पदक मिळाले.

आता पुण्याकडे येऊ. ‘बाईला होज पेलेल का?’ हा प्रश्न चहाच्या टपरीपासून अधिकाऱ्यांच्या केबिनपर्यंत ऐकू येतो. ६३ मिलिमीटर व्यासाच्या १५ मीटर लांब होजमध्ये, म्हणजे बंबाच्या लवचीक पाइपात, पाणी भरले की त्यात साधारण ४७ लिटर, म्हणजे ४७ किलो वजन येते. २० मिलिमीटरच्या नोझलला ७ बार दाब दिला तर ब्रँच (होजच्या टोकाची नोझल लावलेली नळी) धरणाऱ्याला मागे ढकलणारा जोर सुमारे ४५ किलोचा. हा जोर पैलवानानेही एकट्याने धरायचा नसतो. ब्रँचवर दोघे, होजची वेटोळी जमिनीवर टेकलेली, आणि पंपावरच्या माणसाने दाब हळूहळू वाढवायचा, ही रीत आहे. १२ मिलिमीटरचे नोझल आणि ४ बार एवढ्यावर भागत असेल तर तोच जोर नऊ किलोवर येतो. कसब्यातल्या बोळात बंब शिरत नाही, तो रस्त्यावर ठेवून होज हाताने टाकत न्यावी लागते. तिथे दंडापेक्षा कपलिंग (होज जोडायचा सांधा) पटकन बसवण्याचा सराव जास्त उपयोगी पडतो.

खरी अडचण मापाची आहे. बीए सेटच्या, म्हणजे धुरात श्वास घेण्यासाठी पाठीवर बांधायच्या संचाच्या, ६.८ लिटरच्या सिलिंडरमध्ये ३०० बारला सुमारे २०४० लिटर हवा असते. हवा संपत आल्याची शिट्टी साधारण ५५ बारला वाजते. त्याखालची हवा बाहेर पडण्यासाठी राखीव. उरलेली हवा मिनिटाला ४० लिटर या हिशेबाने सुमारे ४१ मिनिटे पुरते. मास्क चेहऱ्याला मोठा असेल तर आत दाब जास्त असल्यामुळे धूर सहसा शिरत नाही, पण हवा कडेने बाहेर जाते. मिनिटाला दहा लिटर गळाली तर आठ मिनिटे कमी. धूर आत न आल्याने हे घालणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. म्हणून मास्क घातला की सिलिंडर बंद करून श्वास ओढायचा. मास्क चेहऱ्याला चिकटून दहा सेकंद तसाच राहिला तर बसला. कानशिलावरची एक बट कडेखाली आली तरी गळतीला पुरे. अंबाडा उंच बांधला तर मागचे पट्टे वर सरकतात आणि हेल्मेट तिरके बसते. केस मानेजवळ खाली बांधावेत. (हा दोष फक्त बायकांचा समजू नये. दोन दिवसांची दाढी मास्कचे तेवढेच नुकसान करते.)

फायर सूटचे तेच. पँट लांब असेल तर गुडघ्याचे पॅड नडगीवर येते आणि रांगताना गुडघा उघड्या तापत्या फरशीवर टेकतो. पँटचा दोन पायांमधला जोड खाली लोंबला तर शिडीची पायरी चढायला पाय उचलत नाही. हातमोजा सैल असेल तर कपलिंगची कडी बोटांत धरता येत नाही आणि मग मोजा काढला जातो. सेटचा कमरपट्टा पुरेसा आवळला जात नसेल तर कमरेवर पडायचे वजन खांद्यावर लटकते. पुरुषी ‘मीडियम’ला दोन टाके मारून हे सुटत नाही. निविदेतच छोट्या मापांचे मास्क, मोजे, बूट आणि सूट लिहावे लागतात आणि खरेदीआधी प्रत्येकीचे माप घ्यावे लागते.

ठाण्यातले वेगळे स्नानगृह ही चैन समजली जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये अग्निशामकाच्या कामालाच कर्करोगकारक ठरवले. काजळीतली रसायने कातडीतूनही शरीरात जातात, त्यामुळे वर्दीवरून, म्हणजे आगीच्या कामावरून, परतल्यावर मान, मनगटे, जांघा तातडीने धुवायला हव्यात. रांग लावून वाट पाहायची ही गोष्ट नाही.

सरळसेवा भरतीत महिलांना ३० टक्के समांतर आरक्षण आहे. सहा महिन्यांचा अग्निशामक पाठ्यक्रम करून मुली येतातही. जाहिरातीत मात्र पद अजून ‘फायरमन’. आपल्याकडे ‘जवान’ हा शब्द तयार आहे आणि त्याला लिंगाची अडचण नाही.

शेवटी आपल्याच पानाबद्दल. आग विझली की बातमीच्या तळाशी ‘तांडेल अमुक, चालक तमुक, जवान अमुक यांनी कामगिरी केली’ असे आपण छापता. त्या ओळीत जवान म्हणून गेलेल्या मुलीचे नाव इतरांच्या जोडीने, क्रमाने, फोटोशिवाय यावे, एवढी विनंती.

— अग्निशमन प्रशिक्षणाशी संबंधित काही वाचक, पुणे